खुलासा: 100 सिट-अप्सनी कंबर सुधरत नाही

'उठल्याउठल्या 100 सिट-अप्स मारा, कंबरदुखी आणि पोक दोन्ही जाईल' असा संदेश ठाण्यात मॉर्निंग वॉकवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरतो आहे. तो पाळू नका, कंबर दुखत असेल तर मुळीच नको.

सिट-अपमध्ये, म्हणजे पाठीवर आडवे पडून धड उचलत उठून बसताना, कमरेचा मणका दर वेळी दाबाखाली वाकतो. त्यात रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. म्हणून उठल्यावर पहिला तासभर वाकणेच टाळावे.

कमरेला हवी ती स्थिर राहण्याची ताकद. हात-गुडघ्यांवर या, उजवा हात आणि डावा पाय पाठीच्या रेषेत लांब करा, 8 ते 10 सेकंद धरा, मग बाजू बदला. प्रत्येक बाजूला आधी 6 वेळा, थोडे थांबून 4, मग 2. पाय पाठीच्या वर गेला की कंबर खाली झुकते; बहुतेकांचे इथेच चुकते. श्वास रोखू नका.

पोक पोटाच्या व्यायामाने जात नाही. त्यासाठी नवी मुंबईत महाप्याच्या ऑफिसांत दिवसभर बसणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने उठावेच.

पायात बधिरपणा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. लघवीवरचा ताबा गेला तर तडक रुग्णालय गाठा.