पक्कं घर पडत नाही, म्हणून मदतही मिळत नाही

पूर ओसरला की दोन दिवसांत दोन प्रकारच्या पोस्ट फिरायला लागतात. एक, ‘सरकारने तोंडाला पानं पुसली’. दुसरी, ‘विमा काढायला काय झालं होतं, कायम सरकारपुढे हात पसरायचे’. दोन्हीकडची मंडळी एक गोष्ट धरूनच चालतात: मदत आणि विमा एकाच कामाला आहेत, एक नसेल तर दुसरं चालेल. माझं मत सरळ आहे. मदत महिनाभर तग धरायला असते आणि घर पुन्हा उभं करायला विमा लागतो. ज्यांना विमा परवडतो त्यांनी मदतीच्या भरवशावर घर ठेवू नये, आणि ज्यांना विमा मिळूच शकत नाही त्यांना सरकारने विम्याचे धडे देऊ नयेत.

आधी मदतीचे आकडे बघा. पैसा येतो राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून. महाराष्ट्रासारख्या राज्यात त्यातला ७५ टक्के वाटा केंद्राचा, २५ टक्के राज्याचा. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार रुपये आहेत. घराचं किमान १५ टक्के नुकसान झालं असेल तर पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,००० रुपये. झोपडीला ८,०००. कपड्यांसाठी कुटुंबामागे २,५००, भांडीकुंडी आणि घरसामानासाठी आणखी २,५००, तेही घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात राहिलं तर. राज्य सरकार वेळोवेळी यात स्वतःची भर घालतं. २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतर महाराष्ट्राने पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, निम्मं पडलं तर ५० हजार, पाव पडलं तर २५ हजार आणि १५ टक्क्यांना १५ हजार असे दर दिले होते. पण ही वाढ त्या त्या आपत्तीपुरती, त्या त्या जीआरपुरती (शासन निर्णयापुरती). पुढच्या पुराला तोच दर मिळेल हे कुणी लिहून देत नाही. आणि केंद्र दर वेळी स्पष्ट सांगतंच की ही रक्कम म्हणजे दिलासा आहे, झालेल्या नुकसानीची भरपाई नव्हे. आपणच ते वाचत नाही.

आता खरी मेख. घराच्या मदतीचे सगळे निकष ‘घर किती पडलं’ यावर उभे आहेत. चिपळूण, महाड, कोल्हापूर, सांगलीत आरसीसीची घरं पुरात पडत नाहीत. पाच-सहा फूट पाणी दोन दिवस घरात उभं राहतं, मग उतरतं. कॉलम, बीम, स्लॅब जागच्या जागी. पण खालच्या मजल्याचं वायरिंग गेलं, स्विचबोर्डात गाळ, प्लायवूडचे दरवाजे फुगून चौकटीत अडकलेले, फरशीखालचा भराव बसून फरशा पोकळ वाजतायत, प्लास्टर ओलीने सुटलेलं, फ्रिज आणि वॉशिंग मशीन आडवं पडलेलं. दुरुस्तीचं अंदाजपत्रक चार-पाच लाखांच्या घरात सहज जातं. पंचनाम्यात मात्र ‘अंशतः’, किंवा १५ टक्क्यांच्या आत म्हणून शून्य. म्हणजे कर्ज काढून जितकं भक्कम घर बांधाल तितकी घराची मदत कमी. निकष लावणाऱ्याचा यात दोष नाही, तो निधी डोक्यावरचं छप्पर गेलेल्यांसाठीच आहे.

पडझड न होता झालेलं नेमकं हेच नुकसान विमा भरून देतो. १ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या नियामक संस्थेने, घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी लागू केली आहे. घरांचा आगीचा विमा विकणाऱ्या सगळ्या कंपन्यांना ती द्यावीच लागते. पूर, वादळ, भूकंप, दरड, वीज, आग हे सगळं मूळ पॉलिसीतच येतं. पूर्वी भूकंपाचं कव्हर वेगळं मागून घ्यावं लागायचं. घरसामान बांधकामाच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १० लाख, वस्तूंची यादी न देता आपोआप कव्हर होतं. आपत्तीनंतर सात दिवसांत तिच्यामुळे झालेली चोरीही धरली जाते. पूरग्रस्त भागात याचं महत्त्व वेगळं सांगायला नको, घर उघडं टाकून लोक नातेवाइकांकडे गेलेले असतात. सोनंनाणं आणि किमती वस्तूंसाठी जोड कव्हर घ्यावं लागतं. रोकड यात येत नाही. भाडेकरू असाल तर फक्त सामानाचा विमा काढता येतो.

विमा रक्कम ठरवताना सगळ्यात जास्त घोळ होतो. जागेची किंमत धरायची नाही, पुरात जमीन वाहून जात नसते (दरडीचं पुढे येतं). फ्लॅटचा बाजारभाव ७० लाख म्हणून ७० लाखांचा विमा काढणं म्हणजे जमिनीसाठी फुकटचा प्रीमियम भरणं. हिशोब असा: कार्पेट क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) गुणिले आज बांधायला येणारा खर्च. ८०० चौरस फूट आणि २,००० रुपये दर धरला तर १६ लाख. त्यावर सामानाचे ३ लाख २० हजार आपोआप. जुन्या पॉलिसीत विमा रक्कम कमी धरली असेल तर दाव्यालाही त्याच प्रमाणात कात्री लागायची: २० लाखांच्या घराचा १० लाखांचा विमा असला की ४ लाखांच्या नुकसानीचे २ लाखच हातात. गृह रक्षात ही कपात माफ आहे, पण क्षेत्रफळ खरं सांगा. एका वर्षाहून जास्त मुदतीची पॉलिसी घेतली तर बांधकामाची विमा रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी वाढत जाते, जादा पैसे न भरता. मुदत १० वर्षांपर्यंत घेता येते.

गृहकर्ज असलेल्यांनी आज एक काम करा. बँकेने कर्ज देताना ‘इन्शुरन्स’ म्हणून जे गळ्यात मारलं ते काढून वाचा. बऱ्याचदा तो कर्जदाराच्या मृत्यूनंतर कर्ज फेडणारा आयुर्विमा असतो. घरात पाणी शिरलं तर त्यातून एक रुपया मिळणार नाही. पॉलिसी घराची असेल तर त्यात बँकेचं नाव आहे का बघा. असलं तर दाव्याचे पैसे बँकेमार्फत येतील.

आणि हो, जुलैत हवामान खात्याचा रेड अलर्ट आल्यावर एजंटला फोन करू नका. अशा वेळी कंपन्या नवी पॉलिसी देताना हात आखडता घेतात. मे महिना ठीक. घर सलग ३० दिवसांहून जास्त बंद राहणार असेल तर कंपनीला कळवा. मुंबई-पुण्यात राहून कोकणातलं घर कुलपात ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

दावे फसतात ते बहुतेक पहिल्या चार दिवसांत. पाणी उतरल्याबरोबर माणूस झाडू-बादली घेऊन सुटतो, नगरपालिकेचा डंपर येतो आणि भिजलेलं सगळं सामान घेऊन जातो. मग नुकसान मोजायला कंपनीचा सर्व्हेअर येतो तेव्हा घर स्वच्छ आणि पुरावा डेपोत. आधी कंपनीला कळवून दाव्याचा नंबर घ्या. भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला मीटर टेप लावून प्रत्येक खोलीत फोटो काढा. उपकरणांच्या मागच्या सिरियल नंबरचे फोटो काढा. गाळ काढायलाच हवा, रोगराई कुणाला हवी आहे, पण उपकरणं आणि फर्निचर शक्यतो गच्चीवर किंवा अंगणात ठेवा. कंत्राटदाराकडून अंदाजपत्रक घेताना ‘दुरुस्ती एकूण ४ लाख’ असं एका ओळीत घेऊ नका. वायरिंग, प्लास्टर, फरशी, दारं, रंग, सगळं वेगवेगळं, चौरस फुटांसकट. जुन्या गळतीची ओल किंवा आधीची तडे गेलेली भिंत यात घुसडलीत तर सर्व्हेअर उरलेल्या आकड्यांकडेही संशयाने बघतो.

नियमाप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअर नेमला जायला हवा, १५ दिवसांत त्याचा अहवाल आणि त्यानंतर ७ दिवसांत कंपनीचा निर्णय. मोठ्या पुरात हे वेळापत्रक कोलमडतं. म्हणून प्रत्येक गोष्ट ईमेलवर ठेवा. दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे ग्राहक आणि कंपनीतले वाद सोडवणारा अधिकारी. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही.

विमा असला तरी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्याच, त्याची प्रत दाव्याला जोडता येते. पंचनाम्यात घराची मदत घरामागे असते आणि कपडे-भांड्यांची कुटुंबामागे. एकाच घरात दोन भाऊ वेगळ्या चुली मांडून राहत असतील तर दोन्ही कुटुंबांची नोंद वेगळी झाली का ते जागेवरच बघा, रेशनकार्डं हाताशी ठेवा.

आता विम्याचे गोडवे गाणाऱ्यांसाठी. २०१४ ला माळीण, २०२१ ला तळिये, २०२३ ला इर्शाळवाडी, ही तिन्ही गावं दरडीखाली गेली. तिथे घराखालची जमीनच राहण्याजोगी राहिली नाही. पॉलिसी बांधकामाचे पैसे देते, नवा प्लॉट देत नाही. नव्या जागी घरं बांधायला तळियेला म्हाडा आणि इर्शाळवाडीला सिडको या सरकारी संस्था लागल्या, ते काम दुसरं कुणी करूच शकत नव्हतं. कुडाच्या आणि गवताने शाकारलेल्या घरांना विमा कंपनी कच्चं बांधकाम म्हणून वेगळ्या दराने मोजते, एजंट तिकडे फिरकतच नाही. आजोबांच्या नावावरचं घर, वारसनोंद नाही, अशा ठिकाणी विमा अडतो आणि सरकारी मदतही अडते, कारण निकषांत अधिकृत बांधकामाची अट आहे. स्वामित्व योजनेची गावठाणातली सनद (घराच्या मालकीचा सरकारी कागद) आली असेल तर नाव तपासून घ्या, दोन्हीकडे तीच उपयोगी पडते.

सरकारला सुचवायचं तर एवढंच: निळ्या पूररेषेतल्या (साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी पोचतं त्या हद्दीतल्या) अधिकृत पक्क्या घरांसाठी नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीने घरपट्टीसोबत सामूहिक पॉलिसी घ्यावी, अर्धा प्रीमियम राज्याने भरावा. पूर्ण फुकट नको. एक रुपयातल्या पीक विम्यात बोगस अर्जांचा कसा पूर आला आणि २०२५ मध्ये ती सवलत कशी गुंडाळावी लागली ते ताजं आहे. यातून दर पुराला पक्क्या घरांवर जे ६,५०० चे चेक वाटले जातात ते वाचतील, आणि तो पैसा पूर्ण पडलेल्या कच्च्या घराचा दर वाढवायला वापरता येईल. १ लाख २० हजारात आज दोन खोल्यांचं जोतंही धड होत नाही.