‘अ आ इ ई’च तर शिकवायची!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबण लावणार आहे. कंटाळा आला तर पुढे सरका.

प्रौढ साक्षरता वर्ग घेणाऱ्यांच्या आमच्या २३ जणांच्या ग्रुपवर सकाळी प्रशिक्षणाचा मेसेज टाकला. शनिवारी, ऐरोलीत, तीन तास, फुकट. संध्याकाळपर्यंत निळ्या खुणा सगळ्यांच्या, ‘येते’ म्हणणाऱ्या दोघीच. वर एका सरांचं उत्तर : "ताई, आपण काय बीएडला शिकवतो का? बायकांना अ आ इ ईच तर शिकवायची!"

हे ‘च तर’ डोक्यात गेलं. कारण सहा वर्षांपूर्वी मीसुद्धा हेच म्हणायचे.

किसननगरच्या माझ्या वर्गात एक मावशी यायच्या. चार बिल्डिंगांतली धुणीभांडी उरकून रात्री साडेआठला. दारावरची पाटी वाचता येत नाही म्हणून घर पायपुसण्याच्या रंगावरून ओळखायच्या. एका घरानं दिवाळीत पायपुसणं बदललं आणि मावशी शेजारच्यांची बेल वाजवून आल्या. त्यांनीच हसत सांगितलं, मीही हसले. आणि फळ्यावर ‘कमळ’ लिहिलं.

तीन दिवस त्यांचा ‘ळ’ उलटा येत होता. चौथ्या दिवशी मी लाल पेनानं अख्खी ओळ खोडली. "अहो मावशी, कालच सांगितलं ना? पहिलीतल्या पोरांना जमतं!" सगळ्या वर्गासमोर. त्या काही बोलल्या नाहीत. वही मिटली, पेन्सिल पदराच्या टोकाला बांधली आणि गेल्या. परत आल्याच नाहीत. मी मात्र वर्षभर सांगत फिरले, या बायकांना चिकाटीच नसते.

मग एका प्रशिक्षणाला गेले. तेही ओळखीच्यांनी ओढून नेलं म्हणून. तिथल्या बाईंनी प्रत्येकीच्या हातात मोडी लिपीतला एक कागद दिला. "पाच मिनिटांत वाचा, सोपंय." आधी ओढलेल्या रेघेला लटकलेली अक्षरं, शब्दांमध्ये फट नाही. मी मराठीत एमए! चौथ्या मिनिटाला बाई माझ्या डोक्यावर येऊन म्हणाल्या, "अहो मॅडम, तुमची पणजी वाचत असेल हो हे!" कान तापले. फोन आल्याचं नाटक करून बाहेर सटकावंसं वाटलं. आणि तिथे मला पदराला पेन्सिल बांधणाऱ्या मावशी दिसल्या.

त्याच दिवशी कळलं, सुरुवात ‘कमळ’पासून करायचं काही अडलेलं नव्हतं. मावशींनी धडा आयता आणून दिला होता : दारावरच्या पाट्या. ‘कुलकर्णी’, ‘म्हात्रे’, ‘पाटील’. मी त्यावर हसून मोकळी झाले होते.

आता तुमचं म्हणणंही मान्य. ‘उल्लास’चा, म्हणजे केंद्राच्या प्रौढ साक्षरता योजनेचा, २०२२ ते २०२७ चा सगळा डोलारा स्वयंसेवकांवर उभा आहे, मानधन नाही, मग शनिवारही मागायचा? आणि काही प्रशिक्षणं खरंच भंकस असतात. स्लाइड वाचून दाखवायच्या, चहा, समोसा, ग्रुप फोटो, प्रमाणपत्र, चला घरी. अशा ठिकाणी मीही मागच्या रांगेत बसून भाजी निवडल्यासारखे मेसेज निवडलेत.

म्हणून आयोजकांवरही राग आहेच. निदान रिक्षाचं भाडं द्या. घोडबंदरच्या बाईला सकाळी दहाला बोलावू नका. भाषणांऐवजी एकमेकींच्या वर्गात मागे बसू द्या. मला सगळ्यात जास्त तिथेच शिकायला मिळालं. लोक का येत नाहीत हे ओरडण्याआधी विचारा. (हो, हे मलाही लागू.)

पण सर, ‘च तर’ नको. मुरबाडच्या फांगण्यातल्या आजीबाईंच्या शाळेचे, त्या गुलाबी साड्यांतल्या आज्यांचे फोटो आपण सगळ्यांनी शेअर केलेत, डोळे पुसत. ‘उल्लास’च्या शेवटच्या चाचणीत १५० गुण असतात; वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. आपल्या बोलण्यामुळे उठून गेलेल्या बाईचा रकाना त्यात कुठाय?

मावशी अजून दिसतात, भाजीवाल्यापाशी. "बऱ्या आहात ना मॅडम?" म्हणतात. मी अजून माफी मागितलेली नाही. प्रत्येक वेळी ठरवते आणि कोथिंबिरीचा भाव विचारते.

असो. सर, मघाशी ग्रुपवर तुम्हाला जरा जास्त बोलले. शनिवारी साडेतीनला ठाण्याला ट्रान्स हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर, वाशीच्या गाडीसाठी उभी असेन. परतीचं तिकीट मी काढते, तुम्ही फक्त या.