पोकरचा लाडका डाव पाहुण्यांच्या गळी कसा उतरवावा

घरी मित्र जमवून पोकर खेळायचंय? उत्तम. डाव कोणता, हे 'ज्याचं वाटप त्याची निवड' या तत्त्वावर ठरू द्या. तुमची पाळी आली की खालचे सल्ले तंतोतंत पाळा. परवा रात्री आमच्या यजमानांनी पाळले, म्हणून खात्रीने सांगतोय.

होल्डेमचं नावही काढू नका. हातात दोन पत्ते, टेबलावर पाच, सातांतून चांगले पाच. नियम मिनिटात सांगून होतात. मग लोक खेळायलाच लागतात, तुमचं ऐकणार कोण?

ओमाहा बरा. चार-चार पत्ते वाटा, पण हातातले नेमके दोनच धरायचे असतात हे गुपित ठेवा. टेबलावर चार बदाम आले आणि नवख्याच्या हातात बदामाचा एकटा एक्का असला, की बिचारा फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) झाला समजून पैशांच्या सगळ्या चिप्स पुढे सरकवतो. पत्ते उघडल्यावर मग हळूच म्हणा, "अरे, हा फ्लश नाही होत."

जोकर, म्हणजे कुठल्याही पत्त्याच्या जागी चालणारे पत्ते, वाढवले की दोन जोड्या तीन सारख्यांपेक्षा दुर्मीळ होतात, तरी हरतात त्याच; कारण जोडीला जोकर मिळाला की जो तो सरळ तीनच करतो. हे कोणी बोललंच, तर त्याला 'मास्तर' म्हणून गप्प करा.

पण खरी शान बेसबॉलची! सेव्हन कार्ड स्टडचंच (प्रत्येकाला सात पत्ते, काही पालथे, काही उताणे) भावंड: तिर्र्या-नव्व्या जोकर, उताणी चव्वी आली की एक पत्ता जास्तीचा. भिडू किती, हे मोजू नका. आम्ही आठ होतो. आठ साते 56, कॅटात 52, चव्व्यांचे जास्तीचे वेगळेच. यजमान म्हणाले, "कोणीतरी टाकेलच की पत्ते." कोण टाकणार? आठ जोकर फिरत असताना ज्याला त्याला आपलंच नशीब फळफळणार असं वाटतं. मला उताणी तिर्री आली. मी खूश. तेवढ्यात यजमान म्हणतात, "हां, सांगायचं राहिलंच. उताणी तिर्री आली की पॉटमध्ये, म्हणजे मधल्या पैशांच्या ढिगात, आहे तेवढं भरायचं, नाहीतर उठायचं." भरलं. शेवटच्या फेरीला कॅटात उरला एक पत्ता. अशा वेळी स्टडमध्ये एकच पत्ता मध्ये उताणा ठेवून सगळ्यांचा धरतात, हे मी सांगून पाहिलं. पण यजमानांनी कपाटातून दुसरा कॅट काढला. निळ्या पाठीच्या पत्त्यांत लाल पाठीचे पत्ते! माझ्याकडे चार एक्के. यजमानांकडे पाच राण्या, त्यातल्या दोन इस्पिकच्या. आणि पॉट कोणाला? त्यांनाच!

अहो, एका कॅटात इस्पिकच्या दोन राण्या असतात का? नियम पत्ते वाटायच्या आधी सांगायचे असतात, पॉट भरल्यावर नाही. जोकर कोणते, जास्तीचा पत्ता कधी, पैसे कधी भरायचे, एवढं एका कागदावर लिहून टेबलावर ठेवायला काय जातं? आठ माणसं असतील तर सात पत्त्यांचा डाव काढू नका, इतकी साधी बेरीज येत नसेल तर वाटायला बसता कशाला? तुम्हाला हरायचंच नसेल तर एकटे बसून पत्ते लावत बसा ना, आम्हाला बोलावता कशाला?

पुढच्या शनिवारी पहिलं वाटप माझं. होल्डेम. आणि तो लाल कॅट कपाटातून बाहेर आला तर मी उठणार.