"रोज थोडं थोडं खा, सवय होईल" वाल्या मेसेजबद्दल

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की आजीच्या काळात इनटॉलरन्स (एखादा पदार्थ न सोसणं) वगैरे काही नव्हतं, हे सगळे आजकालच्या पोरांचे नखरे, जे बाधतं ते रोज थोडं थोडं खा म्हणजे सवय होते, आणि फारच वाटत असेल तर शेकडो पदार्थांची ती ब्लड टेस्ट करा, जे लाल येईल ते आयुष्यभर बंद. माझी लेक डाएटिशियनला विचारून इलिमिनेशन डाएट करतेय (संशय असलेले पदार्थ काही दिवस बंद, मग एकेक परत आणून बघायचं) म्हणून काकू-मावश्यांनी मला तो काळजीपोटीच पाठवला, पण त्यातलं बरंचसं चूक आहे आणि एक गोष्ट तर धोक्याची आहे.

आजीचं आधी. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम (पाचक रस) लहानपणानंतर जगातल्या बहुतेक माणसांमध्ये कमी होत जातं, हे आजकालचं नाही, हजारो वर्षांचं आहे, आणि ज्याला दूध सोसत नाही त्याला ताक द्यायचं हे आपल्या घरांमध्ये माहीत होतंच की. सीलिएक म्हणजे गव्हामुळे आतडं खराब होण्याचा आजार, त्याचा गव्हाशी संबंध हॉलंडच्या डॉक्टर विलेम डिके यांनी १९४० च्या दशकात दाखवला. त्याआधी अशी मुलं नव्हती असं नाही, सतत पोट बिघडायचं, अंगी काही लागायचं नाही आणि कशाने ते कोणालाच कळायचं नाही.

आता सवय. दुधाच्या बाबतीत यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य. लॅक्टोज न पचणाऱ्या बऱ्याच जणांना एक कप दूध जेवणासोबत चालून जातं, दह्यात लॅक्टोज कमी, तुपात जवळपास नाहीच. (देशी गाईचं ए-टू दूध मात्र याला उत्तर नाही, लॅक्टोज त्यातही तेवढंच असतं.) पण हाच नियम सगळ्याला लावणं म्हणजे कमाल आहे. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे त्याला घरच्या घरी "थोडं खाऊन बघ" म्हणणं जिवावर बेतू शकतं आणि सीलिएकवाल्याचं आतडं थोड्या गव्हानेही खराब होतं. कांदा, लसूण, गहू यातलं फ्रुक्टान नावाचं कर्बोदक तर कोणाच्याच आतड्यात पचत नाही, तसं एन्झाइमच माणसाकडे नाही, ते मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं, गॅस होतो, ज्याचं आतडं नाजूक त्याला कळा येतात, बाकीच्यांना कळतही नाही.

म्हणून नखरे म्हणायच्या आधी ताटात बघा. लेक पोहे खाते, पण वरची लसूण सेव आणि कच्चा कांदा नको म्हणते, कारण तांदळाचे पोहे सोसतात, त्रास वरच्या वस्तूंचा. लसणाच्या पाकळ्या तेलात तळून काढून टाकल्या की वास राहतो आणि फ्रुक्टान तेलात उतरत नाही, पण वरणात कांदा उकळून मग तुकडे वेचून काढले तर उपयोग शून्य, ते पाण्यात उतरलेलं असतं. आणि सीलिएक असेल तर हिंगाच्या डबीवरचं लेबल वाचा, बांधणीच्या हिंगात बरेचदा मैदा असतो.

ती ब्लड टेस्ट रक्तातल्या आयजीजी नावाच्या अँटीबॉडी मोजते. आयजीजी वाढलं म्हणजे तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे, इतकंच. ॲलर्जीच्या डॉक्टरांच्या युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या संघटना इनटॉलरन्स शोधायला ही टेस्ट करू नका असं स्पष्ट सांगतात. पैसे वाचवा.

उलट जी टेस्ट खरंच करायला हवी तिचा मेसेजमध्ये पत्ताच नाही. गहू सोडायच्या आधी डॉक्टरांकडून सीलिएकची तपासणी करून घ्या, गहू बंद केल्यावर केली तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो.

आणि "आयुष्यभर बंद" कोणी सांगितलं? ऑस्ट्रेलियातल्या मोनाश युनिव्हर्सिटीने काढलेल्या लो-फॉडमॅप पद्धतीत (फॉडमॅप म्हणजे फ्रुक्टान, लॅक्टोज असे आतड्यात आंबणारे घटक) बंदीचा काळ २ ते ६ आठवडे, मग एकेक पदार्थ वाढत्या प्रमाणात परत आणायचा आणि किती सोसतं ते बघायचं, खरं काम तिथेच आहे. लेक आता त्याच टप्प्यावर आहे. गणपतीत तुमच्याकडे आली आणि एखादी वस्तू नको म्हणाली तर "एक घास तरी घे गं" असा आग्रह करू नका, एका वेळी एकच पदार्थ तपासायचा असतो, मध्येच दुसरं काही पोटात गेलं तर दुखलं कशाने ते कळत नाही आणि तो पदार्थ परत पहिल्यापासून तपासावा लागतो.