म्हणे ओव्हरक्लॉकिंग कधी केलंच नाही!

सेकंड हँड पीसी विकणाऱ्यांनो, एकदा तरी खरं बोला रे. "दादा, फक्त ऑफिसचं काम केलंय. गेमिंग नाही, ओव्हरक्लॉकिंग तर नाहीच नाही." मग ऑफिसच्या कामाला के-वाला (म्हणजे ठरलेल्या वेगाच्या वर पळवता, ओव्हरक्लॉक करता येणारा) प्रोसेसर आणि वर तो अवाढव्य कूलर कशाला लागत होता? एक्सेलमध्ये बेरजा करायला?

मी घेतलेल्या अशाच एका पीसीतला प्रोसेसर आय७ ६७००के. २०१५ चा, म्हणजे म्हाताराच, पण माझ्या कामाला पुरेसा. आणि क्रॅश कधी होतो? लोड टाकल्यावर नाही! प्राइम९५ ही प्रोसेसरला पिळून काढणारी स्ट्रेस टेस्ट लावा, तासन् तास कुरकुर न करता चालतो. पण गाणं पॉज करून चहा आणायला उठलं की धाडकन निळा पडदा. कधी तोही नाही, सरळ रीस्टार्ट. इव्हेंट व्ह्यूअर उघडला की 'कर्नल-पॉवर ४१', ज्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. अरे, ते मला दिसलंच की!

मग सल्ले सुरू. "फॉरमॅट मार." मारला. "रॅम काढून खोडरबरने घास." घासली. रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवला, एक एरर नाही. "एसएमपीएस (पॉवर सप्लाय) गेला असेल." मित्राचा आणून लावला, तरी तेच. "व्हायरस असेल." कोऱ्या विंडोजवर कुठला व्हायरस, बाबा? मशीन न बघता, उचलली जीभ लावली टाळ्याला! त्या निळ्या पडद्यावर 'व्हिया अनकरेक्टेबल एरर' असं लिहून येत होतं. म्हणजे बोंब हार्डवेअरच मारतंय, आणि लॉगमध्ये खाली 'प्रोसेसर कोअर' असं स्पष्ट आहे. पण ते वाचतो कोण!

पठ्ठ्याने विकण्याआधी सीमॉस क्लिअर केला होता, म्हणजे मदरबोर्डची सेटिंग्ज पुसली होती. बायोसमध्ये, म्हणजे त्या सेटिंग्जच्या मेनूत, सगळं डिफॉल्ट, अगदी सोवळं. पण सेव्ह केलेली प्रोफाइल या बोर्डात सीमॉस क्लिअर करून पुसली जात नाहीत, हे त्याच्या गावीही नव्हतं. दुसऱ्याच स्लॉटमध्ये नाव दिसलं: '४.८ फायनल स्टेबल'. उघडलं तर व्हीकोअर, म्हणजे प्रोसेसरला दिलेलं व्होल्टेज, १.४५ व्होल्ट! कारखान्यातून ४ गिगाहर्ट्झ आणि टर्बोला (थोड्या वेळासाठी आपोआप वाढणाऱ्या वेगाला) ४.२ वर आलेली चिप हा ४.८ वर पळवत होता. कुठल्या ऑफिसात काम होतं रे तुझं, इस्रोत?

इतकं व्होल्टेज आणि उष्णता वर्षानुवर्षं सोसली की चिप आतून झिजते. मग पूर्वीचाच वेग गाठायला तिला जास्त व्होल्टेज लागतं. डिफॉल्टला व्होल्टेजही कारखान्यातलं येतं आणि ते तिला पुरत नाही. आणि निवांत असतानाच का मरतो? चारही कोअर कामाला लागले की हा ४ वर राहतो. हलक्या कामात एकच कोअर ४.२ ला उडी मारतो, आणि नेमका तिथेच पाय घसरतो. म्हणून स्ट्रेस टेस्टमध्ये पास! "बघा, टेस्ट चालवून दाखवतो" म्हणत त्याने मलाही तेच दाखवलं होतं.

आता मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा गुणक, ३८ वर बांधून ठेवलाय. ३.८ वर गपगुमान चालतो. म्हणजे पैसे मोजले ४.२ चे आणि वापरतोय ३.८. ओव्हरक्लॉक केलं म्हणून राग नाही हो. तुझी चिप होती, जाळ नाहीतर तळ. जाहिरातीत एक ओळ लिहायची होती, '४.८ वर चालवलाय', मी दीड-दोन हजार कमी करून तरीही घेतला असता.

त्या प्रोफाइलचा फोटो त्याला पाठवला. उत्तर आलं, "भाऊ, माझ्याकडे तर चालत होता." चालणारच ना, १.४५ व्होल्ट पाजून!