गोळी कुटून नाकात? मामी, थांबा

"दुखण्याची गोळी कुटा, कोमट पाण्यात कालवा, चार थेंब नाकात सोडा. नाक थेट मेंदूला जोडलेलं, दोन मिनिटांत गुडघा मोकळा. पोटाला त्रास नाही, किडनीला नाही. अमेरिकेतही हेच करतात." शिवाजी पेठेतल्या मामींनी हा मेसेज "आज रात्री करून बघू का?" असं विचारत पाठवलाय. तालमीतल्या पोरांच्या ग्रुपवरही तोच फिरतोय. नाही मामी, अजिबात नाही.

आधी साधा हिशोब. पॅरासिटामॉल पाण्यात फार विरघळत नाही, १ मिलीत जेमतेम १४ मिलिग्रॅम. ५०० ची गोळी पुरती विरघळायला ३५ मिली पाणी लागेल. चार थेंब म्हणजे ०.२ मिली, त्यात औषध ३ मिलिग्रॅमसुद्धा नाही. वाटीच्या तळाशी पांढरा गाळ बसतो ना, ते स्टार्च, टाल्क आणि न विरघळलेलं औषध. ढवळून गाळासकट सोडलं तर तो नाकाच्या पडद्याला चिकटतो. जळजळतं, खपली धरते, रक्त येतं. कुटलेल्या गोळ्या नाकाने ओढणाऱ्यांच्या पडद्याला भोक पडल्याच्याही नोंदी आहेत. बरं, थेंब वाढवले तर? नाकपुडीत ०.३ मिलीच्या वर गेलं की जास्तीचं घशात उतरतं, म्हणजे शेवटी पोटातच. मग सरळ पाण्याबरोबर गिळायला काय धाड भरली होती?

अमेरिकेचं अर्धं खरं आहे, मान्य. केटोरोलॅक या दुखण्यावरच्या औषधाचा नाकातला फवारा तिथे २०१० साली मंजूर झाला. एका दाबात मोजून १५.७५ मिलिग्रॅम, पूर्ण विरघळलेलं. पण त्याच्याच माहितीपत्रकात ठळक चौकटीत इशारा आहे: पोटात रक्तस्राव, किडनीला इजा, ५ दिवसांच्या वर घेऊ नये. औषध नाकातून रक्तात गेलं की रक्ताबरोबर किडनीतही जाणारच, आणि पोटाचं अस्तरही रक्तातूनच बिघडवणार.

मेंदूचं म्हणाल तर त्याला जोडलेला वासाचा पट्टा नाकाच्या पार छताला, थेंब तिथवर क्वचित पोचतात. आणि सूज गुडघ्यात आहे. "आजी नस्य करायची" म्हणे, म्हणजे नाकात तेलाचे थेंब सोडायची. करायची, पण तेलात गोळी कुटून नव्हे.

कुणी आधीच सोडलं असेल तर पेलाभर उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ घालून नाक हलकेच धुवा. जोरात शिंकरू नका. रक्त आलं तर पुढे वाकून बसा, नाकाचा मऊ भाग १० मिनिटं चिमटीत धरा, तोंडात आलेलं थुंका. तरी थांबलं नाही तर सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय, गाठा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेवढीही वाट बघू नका.