पास खिशात, जागा नाही!

म्हणे युरोपचा रेल्वे पास घ्या आणि वाटेल त्या गाडीत बसा! बसा काय, कपाळ? फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाडीत पास असला तरी आरक्षणाचे पैसे वेगळे मोजायचे. वर पासवाल्यांना जागा मोजक्याच. म्हणजे पॅरिस-मिलान गाडीत पूर्ण पैशांची तिकिटं हवी तितकी, आपला कोटा तेवढा संपलेला! इटली-स्पेनच्या वेगवान गाड्यांतही आरक्षण सक्तीचंच. (जर्मनीची वेगवान गाडी आयसीई बरी, सहसा नुसतं चढायचं.) आणि आरक्षण करायला बसलं की ओटीपी येणार भारतातल्या सिमवर, जे बंद. एकेका प्रवासाची वेगळी तिकिटं आधी काढली तर पुष्कळदा पासपेक्षा स्वस्त पडतात, हे सांगतो कोण? तिकडचा मावसभाऊ. पास घेऊन झाल्यावर!